कोणी भुलवलं मालतीला?

सोलापूर,
ता. ११ जुलै १९४८

चि. मालती हीस,

पत्रात आधी आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज आधी एक प्रश्न विचारतो, आशीर्वादाचं मग बघू. हणमंतराव परवा हैदराबादहून इकडे आले. त्यांनी सांगितलं की तू दर रविवारी सकाळी नल्लकुंट्यातल्या आपल्या घरातून निघतेस आणि ख्रिस्ती लोकांच्या गिरजाघरात जाऊन बसतेस. हे खरं की खोटं?

मी त्यांना तिथल्या तिथं झापलं. म्हटलं, माझी बहीण शाळेत शिकवते, शाळेचंच काही काम असेल. ते हसले. मालती, ते हसणं मी जन्मात विसरणार नाही.

फाल्गुनात आम्ही मुलांना घेऊन निघालो, तेव्हा आई हटून बसली की मी माझं घर सोडून यायची नाही. तू म्हणालीस, अण्णा तुम्ही जा, मी राहते आईपाशी. रजनी रडली. मी इथे येऊन दहा जणांना सांगितलं, बहीण असावी तर अशी! आता त्याच दहा जणांसमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ?

इथे निजामाच्या राज्यातून आलेल्या लोकांची छावणी आहे. वकिली बंद, म्हणून मी रोज तिथे मदतीला जातो. कोणाचं घर जाळलेलं, कोणाला धाक घालून धर्म सोडायला लावलेलं. बाप्ये माणसं हुंदके देऊन रडतात. त्यांचे अर्ज मी लिहितो. आणि माझ्या घरात काय? तुझ्या गळ्याशी कोण सुरी घेऊन उभं होतं? लोकांचा धर्म हिसकावून नेतायत आणि तू आपला नेऊन देतेस!

तुझी अक्कल एवढी नाही, हे मला माहीत आहे. तुला कोणीतरी भुलवलं आहे. तुमच्या शाळेतली ती तेलुगू मास्तरीण, सत्यवती, तुझ्याबरोबर असते म्हणे. तिची जात काय, कूळ काय, याची चौकशी केलीस का? उलट टपाली खुलासा कर. आईच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.

अनंत

*

हैदराबाद,
ता. २५ जुलै १९४८

ती. अण्णांस मालतीचा साष्टांग नमस्कार.

खरं आहे. दर रविवारी जाते. पुढचंही आताच सांगते, म्हणजे हणमंतरावांना पुन्हा गाडीचा त्रास नको. मी येशू ख्रिस्ताच्या मागे जायचं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेणार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कोणी भुलवलं, कोणी सुरी दाखवली, कोण बरोबर होतं, सगळं विचारलंत. दावणीची गाय कोणी सोडून नेली, असं विचारतात तसं. मालती, तुला काय वाटलं, एवढं तेवढं विचारलं नाहीत. बाईमाणसानं विचार करून काही ठरवलं असेल, हे तुमच्या स्वप्नातसुद्धा येत नाही का हो? शाळेत चाळीस मुलींना मी शिकवते ते कशानं, अण्णा?

बरं, कोणी भुलवलं ते ऐकायचंच असेल तर ऐका. तुम्ही! मी कपाळ पुसून माहेरी आले त्या वर्षी तुम्ही सुलतान बाजारातून कायद्याच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आणला होता. त्यात येशूच्या चरित्राचं एक पातळ मराठी पुस्तक निघालं. तुम्ही ते माझ्याकडे टाकलंत आणि म्हणालात, घे, तेवढाच वेळ जाईल. गेला वेळ. सात वर्षं गेली.

त्यात एका माणसाची गोष्ट आहे, जन्मापासून आंधळा. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, कोणाचंच नाही. मी पुस्तक मिटलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. कारण मला त्याच प्रश्नाचं उत्तर विसाव्या वर्षापासून सगळ्यांनी दिलं होतं. सासूनं दिलं, भटजींनी दिलं, रजनीवहिनींच्या डोहाळजेवणाला मला मागच्या खोलीत बसायला सांगणाऱ्या आत्याबाईंनी दिलं. पाप माझं. मागल्या जन्मीचं. गुन्हा कोणता ते कोणाला ठाऊक नाही आणि शिक्षा मात्र सगळ्यांना तोंडपाठ! तुम्हीही त्या दिवशी घरातच होतात, अण्णा. तुम्ही पान खात बसला होता.

लगेच काही झालं नाही. मी त्या पुस्तकाशी पुष्कळ भांडले. ट्रंकेच्या तळाशी टाकलं, परत काढलं. गोड बोलणारे पुष्कळ असतात, म्हटलं. पण हा नुसता गोड बोलत नाही, बोलल्यापायी मार खातो, मरतो, आणि मारणाऱ्यांचं वाईट चिंतत नाही. तो उठला आणि आजही आहे, असं मी मानते. तुम्ही हसाल. हसा. रोज सकाळी मी त्याच्याशी बोलते आणि मला एकटं वाटत नाही, हे हसण्यानं खोटं होत नाही.

आणि सत्यवती! ती शाळेत आली गेल्या वर्षी. मीच तिला विचारलं, तुमच्या गिरजाघरात येऊन बसले तर चालेल का? ती घाबरली. म्हणाली, नक्को अम्मा, तुमच्या घरचे माझ्या नोकरीवर उठतील. तिनं तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही आणि बघा, किती बरोबर ओळखलं.

नाव बदलणार नाही. मालतीच राहीन. आईला सगळं सांगितलं आहे, लपवणं मला जमलं नाही. तिची तब्येत ठीक आहे. डोळ्यांना मात्र आता फार कमी दिसतं.

आपली,
मालती

*

सोलापूर,
ता. ९ ऑगस्ट १९४८

मालती,

आईला सांगितलंस! धन्य आहे तुझी! ती काय म्हणाली, हे मात्र लिहायचं सोयीस्कर विसरलीस. मी काय समजायचं ते समजलो. म्हातारीनं अंथरूण धरलं नसेल तर नशीब.

तुझं ते आंधळ्याचं पुराण वाचलं. मी वाद घालत नाही. वाद घालून तुझ्यासारखीला पटायचं नाही. पण माझं एवढं ऐक. थांब. तिथल्या राज्याचं काय व्हायचं ते दोन-चार महिन्यांत होईल, आम्ही परत येऊ, मग समोर बसून बोलू. आत्ता या दिवसांत तू काही केलंस तर लोक आपल्या दाराकडे बोट दाखवतील. मला त्याच शहरात पुन्हा वकिली करायची आहे, पोरींची लग्नं व्हायची आहेत.

आणि आईचं काय? ती सोवळ्यातलं खाणारी. तू बाटलीस तर तिला कोण रांधून घालणार? का तिच्याही ताटात कालवणार आहेस? तुला आईच्या जिवाची शपथ आहे.

अनंत

*

हैदराबाद,
ता. २३ ऑगस्ट १९४८

ती. अण्णांस सा. न.

काल झालं.

आईच्या जिवाची शपथ घालायला आई तुमच्या एकट्याची नाही. आणि लोक काय म्हणतील म्हणून थांबायचं, तर मला सरणावर जाईपर्यंत थांबावं लागेल. लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते मी सात वर्षं ऐकते आहे, तेव्हा तुम्हाला कधी त्यांचा राग आला नाही.

पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे तू आपखुशीनं करतेस का? अण्णा, जन्मात पहिल्यांदा मला हे कोणी विचारलं. लग्नात विचारलं नव्हतं. मी इतक्या मोठ्यानं हो म्हणाले की मागच्या बाकावरची पोरं हसली. मलाही हसू आलं. फार आनंद झाला, तो तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहिते.

आईच्या सोवळ्याला मी हात लावलेला नाही. स्वयंपाकाला शेजारच्या जयवंताबाई येतात. मी चुलीपाशी जात नाही, पाण्याला शिवत नाही. माझं वेगळं करते, मागच्या पडवीत. बाहेर दिवस वाईट आहेत. सांजवलं की कडी लावून बसतो. आमची काळजी नसावी.

मालती

*

सोलापूर,
ता. २४ सप्टेंबर १९४८

चि. मालतीस अनेक आशीर्वाद.

सुटलो! फौजा हैदराबादेत शिरल्याची बातमी आली त्या दिवशी इथे पेढे वाटले. रजनी आणि मुलं सामान बांधून तयार आहेत. दसऱ्याला आपल्या घरी असू. राग राग काय करायचा, घरचंच माणूस. मी सगळं निस्तरलं आहे, तू फक्त मी सांगतो तेवढं कर.

हणमंतराव आणि त्यांची मंडळी सुलतान बाजारात मोठी शुद्धी करणार आहेत. धाकानं ज्यांना बाटवलं त्या सगळ्यांना सन्मानानं परत घ्यायचं. मी तुझं नाव दिलं आहे. कोणी वेडंवाकडं बोलणार नाही, उलट सहानुभूती मिळेल. आमच्या फाल्गुनात जाण्यानं घरात दोन बायका एकट्या, बाहेर दंगा, अशा वेळी अबलेवर दडपण आलं, असं म्हटलं की कोणालाही पटतं. नुसतं जाऊन बसायचं, पंचगव्य घ्यायचं आणि विचारलं तर मान हलवायची.

सोबत जबाब लिहून पाठवला आहे. तुझ्या बोलण्यात कमी-जास्त नको, म्हणून मीच तयार केला. सत्यवतीनं रझाकारांची भीती घातली, आमच्यात आलीस तरच म्हातारीसह वाचशील असं सांगितलं, असं त्यात आहे. कोणाचं तरी नाव घालावं लागतं, त्याशिवाय जबाबाला वजन येत नाही. तिला फार तर शाळेतून काढतील आणि पोलीस दोन-चार प्रश्न विचारतील. तिच्यासारख्यांना नोकऱ्या मिळतात. खाली सही करून हणमंतरावांकडे दे.

एवढं झालं की तू होतीस तशी घरात राहा. आईपाशीच राहा. मागचं मी कधी काढणार नाही, हा माझा शब्द.

अनंत

*

हैदराबाद,
ता. ३० सप्टेंबर १९४८

अण्णा,

तुमचा जबाब परत पाठवते आहे. सही केलेली नाही. फाडणार होते, पण मग तुम्हाला वाटलं असतं की टपालात गहाळ झाला.

मी पत्र वाचलं आणि कितीतरी वेळ पडवीत येरझारा घातल्या. भीतीनं नाही, संतापानं! कोणाचं तरी नाव घालावं लागतं? हे तुमच्या हातानं लिहिलंत? ती बाई एका खोलीत आई आणि भावंडांना घेऊन राहते. तुमच्या चार ओळींनी तिचं घर उठेल. पोलीस तिला दोन-चार प्रश्न विचारून सोडतील, असं तुम्ही, एक वकील, मला सांगता? तुम्ही कोर्टात गरिबाचे हाल बघितले नाहीत का?

आणि ती शुद्धी. हणमंतराव काल घरी आले होते. मी त्यांना विचारलं, परवा कोण कोण येणार? त्यांनी एका बाईचं सांगितलं. तिच्या नवऱ्याला तिच्यासमोर मारलं आणि तिला जबरदस्तीनं बाटवलं. ती तोंड उघडून बोलत नाही. तिच्या शेजारी तुम्ही मला बसवणार? मी तिच्याजवळ बसून खोटी मान हलवू? तुम्ही छावणीत अशांचे अर्ज लिहिलेत, त्यांचं रडणं ऐकलंत. त्यांचं दुःख तुमची अब्रू झाकायला घेताना लाज कशी वाटली नाही? ज्यांच्यावर खरंच जबरदस्ती झाली ती तुमच्या-माझ्या सोयीसाठी नाही झाली.

तुम्ही म्हणाल, एका सहीत आई मिळते, घर मिळतं. माहीत आहे मला. मी इतकी कोरडी नाही. आईला आंघोळीला धरून नेते, तिचे केस विंचरते, तिला सोडून मी कुठे राहीन हे मला कळत नाही. रडू येतं. पण मी त्या रविवारी हो म्हणाले ते खरं होतं. ते खोटं होतं असं लिहून दिलं, तर मग माझ्याजवळ खरं काय उरलं?

अण्णा, मला घालवायचं असेल तर घालवा. मी धर्म सोडला म्हणून घालवा, तो तुमचा हक्क असेल. पण मी अबला होते, भ्याले, फसले, असं सांगून मला घरात ठेवू नका. मी फसलेली नाही.

मालती

*

सोलापूर,
ता. ४ ऑक्टोबर १९४८

मालती,

समजलं. तुला त्या हलक्या बाईची अब्रू मोठी आणि भावाची काहीच नाही. ठीक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पोचेन. घरी पोचलो की घटस्फोट करणार. तुला माहीत नसेल तर सांगतो. पाण्यानं भरलेला घडा दारासमोर ठेवून पायानं उलटवायचा, तुझं नाव घ्यायचं आणि तू मेलीस असं समजून सर्वांनी सुतक धरायचं. त्यानंतर आपला संबंध संपला. भटजींना निरोप गेला आहे. त्याआधी घर रिकामं कर. आईला त्या दिवशी मी सांभाळेन, तू समोर येऊ नकोस. उत्तराची गरज नाही.

अनंत

*

हैदराबाद,
ता. ८ ऑक्टोबर १९४८

अनंता,

मी आई बोलू लागले. लिहू लागली मालती, कारण मला काही दिसत नाही. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. घड्याचं सुद्धा वाचलं, गाळलं नाही. तू म्हणशील, हिनं आपल्या मनचंच लिहिलं असेल. म्हणून आधी मी तिच्याबद्दल काय बोलते ते ऐक, मग ठरव.

मालतीनं वाईट केलं. माझ्या सासरमाहेरचे एवढे देव, त्यातला एक तिला पुरला नाही. तिनं मला सांगितलं त्या दिवसापासून श्रावण सरेस्तोवर मी तिच्याशी बोलले नाही. माझ्या पोटाला ही कुठून आली, असं जयवंताजवळ म्हणाले, ती ऐकत असताना म्हणाले. तिच्या हातचं पाणी मी पीत नाही. मरेपर्यंत पिणार नाही. आत्ता तिचा हात थांबला. लिही म्हटलं, हे पण लिही.

बघ, लिहिलं. तू स्वतःबद्दल असं लिहिशील का? तू तर वकील.

आता तुझं ऐक. मला दिसत नाही हे तुला ठाऊक आहे, तिला पण ठाऊक आहे. ती गुपचूप चुलीपाशी राहिली असती, रांधून वाढलं असतं, तर मला आंधळीला काय कळणार होतं? कोणाला काय कळणार होतं? पण बाटायच्या आदल्या दिवशी येऊन म्हणाली, आई, उद्यापासून मी स्वयंपाकघरात येत नाही, तुझं सोवळं मी मोडणार नाही. मी बोलत नव्हते तिच्याशी, तरी सांगून गेली. तेव्हापासून मी जेवते आणि ती उंबऱ्याबाहेर बसून मला पेपर वाचून दाखवते. मी शिव्या देते, ती ऐकते, मग पुढचं वाचते. हे आमचं दोघींचं आहे. तू खामखा मध्ये कशाला पडू लागलास?

तू म्हणतोस ती मेली. अरे, मी नवरा पाठवला, दोन लेकरं पाठवली. मेलेलं माणूस कसं असतं ते मला माहीत आहे. हे मेलेलं नाही. हे रोज सकाळी माझे केस विंचरतं आणि माझ्याशी हुज्जत घालतं. जित्या लेकीचं सुतक मी धरायची नाही. तुझा घडा तू रस्त्यावर उलटव, मोहल्ल्यातले लोक बघायला येतील. घर माझ्या बापानं माझ्या नावावर करून दिलं आहे, हे तुला कागद बघून कळेल. त्यात कोण राहायचं ते मी सांगणार. मालती राहील. तू आणि रजनी आणि पोरं पण राहाल, घर मोठं आहे.

आणि ती सत्यवती. मी तिला घरात बोलावलेलं नाही, बोलावणार नाही. पण जिनं केलं नाही तिच्या नावावर कुभांड? तुझ्या बापानं इथल्या अदालतीत जन्म घालवला. शेजाऱ्यासाठीसुद्धा खोट्या साक्षीला कधी उभे राहिले नाहीत, त्यापायी दोस्ती तुटली तरी. तू त्यांची गादी चालवू लागलास म्हणे. अशी?

काल मी हणमंतरावाला बोलावून घेतलं. विचारलं, माझ्या लेकीवर जबरदस्ती झाली म्हणून तुम्ही नाव लिहिलंत, तर जबरदस्ती करणाऱ्याचं नाव सांगा, मी स्वतः त्याच्या दारी जाते. काठी टेकत जाते. तो इकडे तिकडे बघत असेल, मला कुठे दिसतं. चहा न घेता गेला.

त्याला सांगता आलं नाही, मला येतं. तू जाऊ नको, तू थांब, तुला आईची शपथ, इथे सही कर, तिथे मान हलव, नाहीतर घराबाहेर हो. एवढं सगळं तिला कोण म्हणालं? रझाकार म्हणाले नाहीत, पाद्री म्हणाला नाही, ती तेलुगू पोरगी म्हणाली नाही. अनंता, एवढ्या दंग्याधोप्यात माझ्या लेकीवर जबरदस्ती करायला एकच माणूस निघाला, आणि तो माझ्या पोटचा निघाला.

आई